डबे जोडले, पण तारा तोडल्या : रेल्वे-सिम्युलेशन खेळाच्या निर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
आम्ही रोज संध्याकाळी खेळतो त्या रेल्वे-सिम्युलेशन खेळाचे निर्माते व विकसक मंडळ यांस,

सप्रेम नमस्कार.

खेळाचे नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेले नाही. ज्यांना उद्देशून हे पत्र आहे त्यांना पहिल्या काही ओळींतच ओळख पटेल. ज्यांना पटणार नाही त्यांनीही ते वाचावे अशी इच्छा आहे, कारण जोडलेल्या डब्यांचे नियंत्रण कसे असावे हा प्रश्न एका खेळापुरता नाही. याच विषयावर मी आपणांस इंग्रजीतून दोनदा लिहिले आणि दोन्ही वेळा ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ एवढेच उत्तर यंत्राकडून आले. म्हणून आता ज्या भाषेत आम्ही खेळताना एकमेकांशी बोलतो त्याच भाषेत जाहीरपणे लिहीत आहे. आमच्या गटातली एक मुलगी याचे इंग्रजी भाषांतर करून आपल्याकडे पाठवणार आहे. तेव्हा भाषेची सबब उरणार नाही.

मी मुंबई उपनगरी गाड्यांच्या एका कारशेडमध्ये एकतीस वर्षे विद्युत विभागात काम केले. लागलो तेव्हा फिटर होतो, निवृत्त झालो तेव्हा सुपरवायझर. या नोकरीतला मोठा काळ दोन डब्यांच्या मधल्या त्या हातभर जागेत गेला, जिथे डबे जोडणारे कपलर, ब्रेकच्या हवेचे होस पाइप आणि आज्ञांच्या तारा पलीकडच्या डब्यात नेणाऱ्या जंपर केबल एकत्र येतात. पावसाळ्यात जंपरच्या सॉकेटमध्ये पाणी शिरले की काय होते, एक पिन वाकली की मागचे डबे कसे मुके होतात आणि दोष शोधायला मल्टिमीटर घेऊन रेकच्या, म्हणजे जोडलेल्या अख्ख्या गाडीच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेऱ्या माराव्या लागतात, हे मला पुस्तकात वाचावे लागलेले नाही.

निवृत्तीनंतर भाच्याने आपला खेळ संगणकावर बसवून दिला. पहिला आठवडा मी नाक मुरडत काढला. दुसऱ्या आठवड्यात खेळातल्या एका डब्याखालची नियंत्रण पेटी उघडून पाहिली आणि तिथेच अडकलो. आपल्या खेळात प्रत्येक डब्याला स्वतःची पेटी होती. तिच्यात ट्रॅक्शनचे (गाडी ओढण्याचे), ब्रेकचे, दारांचे, दिव्यांचे, बॅटरीचे अशी वेगवेगळी मोड्यूल, म्हणजे तयार सुटे भाग, खेळाडूने बसवायची, त्यांच्या तारा डब्याच्या दोन्ही टोकांना कपलरपर्यंत आणायच्या, आणि दुसरा डबा येऊन टेकला की दोन्हीकडच्या तारा आपोआप जुळायच्या. पुढच्या कॅबमध्ये, म्हणजे चालकाच्या खोलीत, मास्टर कंट्रोलरचा दांडा हलवला की शेवटच्या डब्यातली पेटी जागी व्हायची. मी पंखा सुरू असूनही घामाघूम होऊन रात्री दोनपर्यंत बसलो होतो, आणि घरात त्याबद्दल काय ऐकून घेतले ते इथे लिहिण्याचे कारण नाही.

पुढे आमचा सहा जणांचा गट झाला. आम्ही चौदा महिने खपून कल्याण ते लोणावळा हा मार्ग बांधला, तीन-तीन डब्यांची युनिटे बांधली, ती जोडून नऊ आणि बारा डब्यांचे रेक चालवले आणि घाटासाठी बँकर, म्हणजे मागून ढकलणारी, इंजिने तयार केली. गेल्या दिवाळीनंतर आलेल्या आपल्या मोठ्या आवृत्तीने हे सारे एका रात्रीत बंद पाडले.

आपण काय केले ते वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. डब्यांच्या स्वतंत्र पेट्या काढून टाकण्यात आल्या. आता जोडलेले सर्व डबे मिळून खेळाच्या हिशेबात ‘एक वस्तू’ होतात, आणि त्या वस्तूला पहिल्या डब्यातला एकच नियंत्रक मिळतो. कपलरमधल्या तारा नाहीशा झाल्या. यामागची आपली दोन कारणे आपल्या निवेदनात आहेत : नव्या खेळाडूंना तारांची जुळणी अवघड वाटते, आणि अनेक पेट्यांचे गणित संगणकावर व नेटवर्कवर भार टाकते. दोन्ही कारणे खरी आहेत. त्यांवरचा उपाय मात्र अंगठा दुखतो म्हणून हात काढण्याच्या जातीचा आहे.

आपण ज्याला अनावश्यक गुंतागुंत म्हणता ती सव्वाशे वर्षांपूर्वी मुद्दाम शोधून काढलेली सोय आहे. विजेच्या गाड्या सुरू झाल्या तेव्हा पुढे एक विजेचे इंजिन आणि मागे ओढले जाणारे डबे हीच वाफेच्या काळातली रचना लोकांच्या डोक्यात होती. फ्रँक स्प्रेग या अमेरिकन अभियंत्याने, जो त्याआधी विजेच्या लिफ्टवर काम करत होता, ती मोडली. त्याच्या रचनेत प्रत्येक डब्याला स्वतःच्या मोटरी आणि स्वतःचा नियंत्रक होता, आणि कोणत्याही डब्यातल्या छोट्या मास्टर कंट्रोलरवरून सगळ्या नियंत्रकांना एकाच वेळी आज्ञा जात असे. मोटरींचा जड प्रवाह डब्यातल्या डब्यात राही. डब्यांच्या मधून जात त्या फक्त आज्ञांच्या बारीक तारा. १८९७ मध्ये स्केनेक्टडी येथे त्याने सहा डब्यांची गाडी चालवून दाखवली तेव्हा कंट्रोलर त्याच्या दहा वर्षांच्या मुलाच्या हातात होता. त्यानंतर शिकागोच्या साउथ साइड एलिव्हेटेड रेल्वेवर ही पद्धत रुजली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर १५०० व्होल्ट डीसी प्रवाहावर भारतातली पहिली विजेची गाडी धावली, आणि आज मुंबईकर ज्या लोकलला लटकतो ती याच ‘मल्टिपल युनिट’ (अनेक मोटर-डबे, एकच आज्ञा) कुळातली आहे. वंदे भारतच्या सोळा डब्यांच्या गाडीतही एकाआड एक डबा मोटरीचा असतो. आपण ज्या रचनेकडे परत गेला आहात ती स्प्रेगच्या आधीची आहे.

आता तक्रारी. सगळ्यांचे वजन सारखे नाही, म्हणून सगळ्यांना सारखी जागाही देत नाही.

पहिली तक्रार युनिटाविषयी आहे. उपनगरी रेक म्हणजे सुटे डबे एका माळेत ओवलेले नसतात. तीन डब्यांचे एक युनिट असते, त्यात मोटरी असलेला एक मोटर कोच आणि बाकी बिनमोटरीचे ट्रेलर. अशी तीन युनिटे जोडली की नऊ डबे, चार जोडली की बारा, पाच जोडली की पंधरा. युनिट स्वयंपूर्ण असते. वरच्या तारेतून वीज घेणारा त्याचा पेंटोग्राफ, त्याची बॅटरी, हवा दाबून भरणारा त्याचा कॉम्प्रेसर त्याच्यापाशी असतो, आणि शेजारच्या युनिटाकडून त्याला हव्या असतात त्या ११० व्होल्टच्या नियंत्रण तारांवरून येणाऱ्या आज्ञा. यातला खरा फायदा बिघाडाच्या वेळी कळतो. बारा डब्यांच्या गाडीतला एक मोटर कोच ऐन गर्दीत बंद पडला तर मोटरमन तो वेगळा काढतो, उरलेल्या तिघांवर गाडी पुढे नेतो, वेग घ्यायला थोडा जास्त वेळ लागतो, आणि चौथ्या डब्यातल्या प्रवाशाला काही झाल्याचे कळतही नाही. आमच्या खेळात आम्ही नेमके हेच करत असू. आमच्यातला एक जण गुपचूप कुठल्या तरी युनिटातले फ्यूज काढून ठेवी आणि बाकीच्यांनी धावत्या गाडीत तो दोष शोधायचा, असा आमचा शनिवारचा खेळ होता. खरे सांगायचे तर कारशेडमध्ये नव्या पोरांना शिकवताना असे साधन माझ्या हाताशी असते तर फार बरे झाले असते. नव्या आवृत्तीत नियंत्रक एकच आहे, म्हणून तो बिघडला तर सगळी गाडी बिघडते आणि तो नीट असेल तर काहीच बिघडू शकत नाही. अधले मधले काही उरलेच नाही.

दुसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे, आणि खेळ खोटा असला तरी तो खोटेपणा कोणत्या दिशेने असावा याचे भान सुटल्याची ती खूण आहे. गाडी मध्येच तुटली तर मागच्या डब्यांचे काय होते? आपल्या जुन्या आवृत्तीत हवेच्या दाबाचे मोड्यूल होते. त्यात आम्ही ब्रेक पाईप दर चौरस सेंटीमीटरला पाच किलोच्या दाबावर भरून ठेवत असू आणि दाब पडला की प्रत्येक डब्याची झडप आपल्या टाकीतली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये सोडी. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन संशोधकाने एकोणिसाव्या शतकात बसवून दिलेले तत्त्व एवढेच आहे की ब्रेक सोडण्यासाठी दाब लागतो. ब्रेक लागण्यासाठी काहीच लागत नाही. कपलर तुटला, होस सुटला, पाइप फुटला, कुणी साखळी ओढली, तरी परिणाम एकच. गाडीचे दोन तुकडे झाले तर दोन्ही तुकडे आपापले थांबतात, आणि त्यासाठी मागच्या तुकड्यात माणूस असावा लागत नाही. लोकलमध्ये याच्या जोडीला विजेने चालणारा ईपी (इलेक्ट्रो-न्यूमॅटिक) ब्रेक असतो. तो सगळ्या डब्यांत एकाच क्षणी लागतो, म्हणून रोज स्टेशनात थांबताना तोच वापरतात. पण त्याची झडप उघडण्यासाठी तारेतून प्रवाह जावा लागतो, तार तुटली तर तो लागणार नाही, म्हणून त्याच्या पाठीशी हवेचा ब्रेक पाईप ठेवलेलाच असतो. रोजच्या सोयीला एक आणि जिवाला दुसरा, अशी ही विभागणी आहे.

नव्या आवृत्तीत गाडी तुटली की पहिला तुकडा नियंत्रकासह ‘गाडी’ राहतो, आणि मागचा तुकडा नियंत्रक नसलेली वस्तू होतो. ज्या वस्तूला नियंत्रक नाही तिला ब्रेक नाही. सपाटीवर हे लक्षात येत नाही. आम्ही घाटात होतो. कर्जत ते लोणावळा या अठ्ठावीस किलोमीटरच्या टप्प्यात चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र आहे. अशा उतारावर मोकळा सुटलेला डबा एका मिनिटात ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे जातो, हे कागद-पेन्सिलीनेही निघते. ठाकूरवाडीच्या वर आमच्या मालगाडीचा कपलर तुटला आणि चौदा वाघिणी निवांतपणे मागे फिरून पळसदरीच्या दिशेने निघाल्या. खाली आमचाच एक खेळाडू पॅसेंजर गाडी घेऊन चढत होता. त्याने हेडफोन काढून ठेवला आणि त्या रात्री तो पुन्हा बोलला नाही. कुणाला लागले नाही, संगणकातल्या वाघिणी संगणकात आपटल्या, हे मला समजते. परंतु रेल्वेने घाटात सुटलेल्या गाड्यांसाठी कॅच सायडिंग, म्हणजे त्यांना अडवणाऱ्या आडवाटा, बांधल्या, त्या ब्रेक असूनही बांधल्या. आपण तर ब्रेकच काढून ठेवला.

तिसरी तक्रार बँकरची. भोर घाट चढताना कर्जतला गाडीच्या मागे इंजिने लावतात आणि ती लोणावळ्याला सुटतात. १८६३ मध्ये घाटमार्ग खुला झाल्यापासून त्या चढाने इंजिनवाल्यांना जे शिकवले त्याचे हे सार आहे. बँकरमध्ये स्वतंत्र चालक असतो. पुढचा ओढतो, मागचा ढकलतो, आणि दोघांनी एकमेकांना समजून घेतले नाही तर मधले कपलर ते भोगतात. दोन खेळाडूंनी एकच गाडी मिळून चढवण्याचा हा आनंद आपल्या खेळात होता, आणि तो दुसरीकडे कुठे मिळाला असता असे मला वाटत नाही. आता गाडीला नियंत्रक एकच, म्हणून मागच्या इंजिनात बसलेला खेळाडू प्रवासी ठरतो. त्याचा दांडा हलतो, पण आज्ञा कुठे जात नाही. एकाच इंजिनातून अनेक इंजिने चालवण्याचीही पद्धत आहे, भारतात लांब मालगाड्यांच्या आतल्या इंजिनांना रेडिओने आज्ञा देतात, तेही मला ठाऊक आहे. पण ती बँकरची जागा घेणारी नाही, आणि दोन्हींपैकी काय वापरायचे हे बांधणाऱ्याने ठरवायचे असते.

चौथी तक्रार दिशेची आहे. इथे मात्र जुन्या आवृत्तीलाही मी पूर्ण गुण देत नाही. डबा फिरवून जोडला की त्याचे पुढे ते मागे होते आणि डावे ते उजवे होते. मोटरमनने ‘पुढे’ म्हटले तर उलट्या जोडलेल्या डब्याच्या मोटरींनी ‘मागे’ फिरायचे असते, तरच सगळे एका दिशेला जातात. खऱ्या गाडीत याची सोय जोडणीतच करतात : पुढे आणि मागे या आज्ञांच्या तारा एका टोकाला उलटसुलट करून आणतात, म्हणजे कुठलाही डबा कसाही जोडला तरी अर्थ बदलत नाही. अमेरिकेतल्या डिझेल इंजिनांच्या २७ पिनांच्या जंपरमध्येही हेच कोडे सोडवलेले आहे. आम्ही खेळात तारांच्या उलटसुलट जोडणीची ही फुली हाताने मारत असू. कटकटीचे होते, पण जमत होते. नव्या आवृत्तीत गाडीची दिशा पहिल्या डब्यावरून ठरते आणि दारांची बाजू मात्र प्रत्येक डब्याच्या स्वतःच्या डाव्या-उजव्यावरून. परिणामी आमच्या एसी लोकलमध्ये फिरवून जोडलेल्या युनिटाची दारे कल्याण स्टेशनात फलाटाच्या विरुद्ध बाजूला, रुळांवर उघडली. आपोआप बंद होणारी दारे मुंबईच्या अख्ख्या लोकलला २०१७ च्या नाताळात पहिल्यांदा लागली. ती कोणत्या बाजूला उघडावीत यावर किती माणसांनी किती काळजी घेतली असेल याचा विचार करून मी थोडा वेळ पडद्याकडे बघत बसलो.

दिशेशीच जोडलेली दुसरी गोष्ट म्हणजे कॅब. लोकल टर्मिनसला पोचली की वळवून आणत नाहीत. पुढचे टोक मागचे होते, मागचे पुढचे होते, आणि काही मिनिटांत दोन घंटा वाजून गाडी परत निघते. दोन्ही टोकांना कॅब असते, त्यातली एका वेळी एकच जिवंत. नव्या आवृत्तीत कॅब एकच चालते, म्हणून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला प्रत्येक गाडी तोडून, इंजिनासारखा पहिला डबा काढून दुसऱ्या टोकाला नेऊन लावावा लागेल. घाटात गाडीची दिशा उलटी करण्याचे जे रिव्हर्सिंग स्टेशन होते ते रेल्वेने १९२९ मध्ये बंद केले. आपण आम्हांला त्याच्याही मागे नेले आहे.

पाचवी तक्रार लहान वाटेल. आमच्या जुन्या फायली नव्या आवृत्तीत उघडतात, पण पेट्या रिकाम्या दिसतात. आधी कळवले असते तर आम्ही निदान त्यांची चित्रे काढून ठेवली असती. चौदा महिन्यांच्या जोडण्यांचा एकमेव आराखडा आता माझ्या एका दोनशे पानी वहीत आहे, तोही कारशेडच्या सवयीने लिहिला म्हणून.

याखेरीज देवनागरी पाट्यांवर ‘कर्जत’चा रफार सुटून ‘करजत’ होते, हेही सांगण्यासारखे आहे. पण तो या पत्राचा विषय नाही, म्हणून सोडतो.

आपल्या दोन कारणांना उत्तर दिल्याशिवाय मागण्या करणे बरोबर होणार नाही. पहिले कारण, नव्या खेळाडूला तारा जुळवणे अवघड जाते. यावर रेल्वेनेच उपाय काढून ठेवला आहे. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाने गाडीतल्या संदेशवहनाचे मानक प्रसिद्ध केले, त्याचा क्रमांक ६१३७५. त्यात डब्याच्या आतल्या उपकरणांसाठी एक जाळे आणि डब्याडब्यांमधून जाणारे दुसरे जाळे अशी दोन पातळ्यांची रचना आहे. डबे जोडले गेले की बाहेरचे जाळे स्वतःहून एक गणती करते : कोण कितवा आहे, कोणाचे तोंड कुठे आहे, दोन टोके कोणती. ती झाली की ‘डावी दारे उघडा’ या आज्ञेचा अर्थ प्रत्येक डबा आपल्या तोंडाप्रमाणे लावतो. खेळाडूने एकही तार जुळवायची गरज नाही, आणि तरीही प्रत्येक डब्याची पेटी स्वतंत्र राहते. नवख्याला ही आपोआप जुळणारी पेटी द्या, जाणत्याला उघडी द्या.

प्रत्येक डबा प्रत्येक डब्याशी जुळलाच पाहिजे असा माझा आग्रह नाही. खऱ्या जगातही तो जुळत नाही. कपलर बसतो आणि आज्ञा समजत नाही असे पुष्कळदा होते. ब्रिटिश रेल्वेने पहिल्या पिढीच्या डिझेल युनिटांवर यासाठी रंगीत खुणा रंगवल्या होत्या : निळा चौकोन, पत्त्यांतल्यासारखी पिवळी चौकट, लाल त्रिकोण, केशरी चांदणी. खूण सारखी असेल तर जंपर जोडा, नसेल तर नुसते ओढा. नव्या खेळाडूला यापेक्षा सोपे काय हवे?

दुसरे कारण, भार. संगणकातले मला थोडे कळते, आज्ञा किती मोठी असते ते मात्र चांगले कळते. डिझेल इंजिनाचे आठ नॉच (शक्तीच्या पायऱ्या) चार तारांच्या जुळणीतून होतात. त्यात पुढे, मागे, ब्रेक, दारे, दिवे, घंटा मिळवल्या तरी एका गाडीची सगळी आज्ञा दोन डझन होय-नाहींत बसते. ती बदलेल तेव्हाच पाठवली तर नेटवर्कवर कसला भार पडतो? आणि चाकांचे गणित सेकंदाला साठ वेळा करावे लागत असेल, पण पेटीने सेकंदाला दहा वेळा विचार केला तरी माणसाच्या हाताला फरक जाणवणार नाही. मोटरींना पायरीपायरीने वीज देणाऱ्या जुन्या कॅमशाफ्ट कंट्रोलरला एका पायरीवरून दुसरीवर जायला याहून जास्त वेळ लागे, आणि त्यावर मुंबईने कित्येक दशके प्रवास केला. लांब उभी असलेली, कुणी बसलेले नाही अशी गाडी झोपलेली ठेवा, ब्रेक लावून. भाराची तक्रार बरीचशी तिथेच संपेल.

आमच्या मागण्या अशा आहेत.

डब्यागणिक स्वतंत्र नियंत्रण पेटी आणि कपलरमधल्या तारा खेळात परत आणाव्यात. एकाच नियंत्रकाची सोपी पद्धत ज्यांना हवी त्यांच्यासाठी ती राहू द्यावी. नवी गाडी बांधताना खेळाडूला दोन्हींतून निवड करता यावी.

पद्धत कोणतीही निवडलेली असो, मुख्य गाडीपासून तुटलेल्या प्रत्येक तुकड्याला ब्रेक लागलाच पाहिजे. ही मागणी निवडीवर सोडू नये. हिच्यासाठी पुढच्या मोठ्या आवृत्तीची वाट पाहण्याचेही कारण नाही. बाकी सगळ्याला वेळ लागला तरी चालेल, ही दुरुस्ती आधी यावी.

एका गाडीत एकाहून अधिक कॅब असाव्यात आणि त्यातली एकच जिवंत राहील असे बंधन असावे. मागे लावलेल्या इंजिनाला मात्र, खेळाडूने तसे ठरवले तर, स्वतंत्र चालक मिळावा.

डबे जोडल्यावर क्रम आणि दिशा आपोआप ओळखली जावी, दारांची बाजू त्यावरून ठरावी, आणि कोणता डबा कोणाशी जुळतो याची खूण डब्याच्या टोकावर दिसावी.

दिवाळीपूर्वीची आवृत्ती, जशी होती तशी, ज्यांनी खेळ विकत घेतला आहे त्यांना उतरवून घेता यावी. यापुढे खेळाडूंनी बांधलेले काम निकामी करणारा बदल करायचा असेल तर किमान तीन महिने आधी सांगावे, आणि त्यासोबत जुन्या पेट्यांची जोडणी कागदावर उतरवून देणारे एखादे साधन द्यावे. पेटीतल्या मोड्यूलांची माहितीपुस्तिकाही आपण याच आवृत्तीबरोबर काढून टाकली. ती परत ठेवायला तर एक दुपारही लागणार नाही.

शेवटची मागणी उत्तराची आहे. यातले काय होईल, काय होणार नाही आणि का होणार नाही, हे माणसाने लिहिलेल्या चार ओळींत कळवावे. ‘होणार नाही’ हे उत्तरही आम्ही वाचू.

माझ्या वहीतली युनिटाच्या तारांची पाने मी स्कॅन करून ठेवली आहेत : कोणती तार कशासाठी, फुली कुठे, ब्रेकची झडप कोणत्या दाबाला उघडते, सगळे आकड्यांसह. आपल्या अभियंत्यांना ती उपयोगी पडणार असतील तर मागताच पाठवीन, मोबदल्याशिवाय. तोवर आमच्या बारा डब्यांच्या रेकची चारही युनिटे कल्याणच्या यार्डात सुटी करून, चाकांखाली लाकडी गुटके लावून उभी केली आहेत. नव्या आवृत्तीत गुटके तरी अजून काम करतात.

आपला,
उपनगरी कारशेडमधील एक निवृत्त विद्युत सुपरवायझर, आणि त्याच्यासोबत खेळणारे पाच जण
कल्याण